मिदी कालवा सायकलमार्ग

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या तो सरोवरापर्यंत गेलेल्या सु. २४० किमी. लांबीच्या कालव्याकाठची, बव्हंशी खडी-मातीची वाट. मिठावरील कर वसूल करणारा प्येर-पॉल रिके याने १६६६ मध्ये चौदाव्या लुईच्या फर्मानानुसार कालव्याचे काम हाती घेतले. १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याआधी काही महिने वारला होता. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी राखलेली काठची वाटच आज सायकलस्वारांच्या कामी येते.

तुलूझपासूनचे सु. ५० किमी. डांबरी आहेत; खरी मौज त्यापुढे. झाडांची मुळे जागोजाग वर आलेली, पाऊस पडला की चिखल. त्यामुळे रुंद टायर हवेतच. चढ मात्र नावालाच : नोरूझ हा सर्वोच्च बिंदूही समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मी. उंच. वाटेत कारकासॉनची दुहेरी तटबंदी, टेकडी पोखरून काढलेला माल्पास बोगदा आणि बेझियेजवळची फोन्सरानची जिन्यासारखी जलपाशमालिका लागते. कालवा १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. २००६ पासून बुरशीजन्य रोगामुळे काठची हजारो चिनारवर्गीय झाडे तोडावी लागली. नवी लावली जात असली, तरी कित्येक टप्प्यांवर भर उन्हातच सायकल हाकावी लागते.