बद्रचे कैदी, धुळ्याचा वर्ग

इ.स. 624 मध्ये बद्रची लढाई झाली आणि मक्केचे कैदी मदिनेत आणले गेले. सीरतच्या किताबांत येते की, ज्यांच्याकडे खंडणीला पैसे नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यावर पैगंबर हजरत महंमद (स.) यांनी एकच अट घातली : मदिनेच्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे. कालचा दुश्मन मुलांचा उस्ताद झाला.

महाराष्ट्रातही तुरुंगात वर्ग भरले. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. आमच्या आटगाववरून जाणारी गाडी कसारा घाट चढून नाशिकला पोहोचते. तिथल्या तुरुंगात 1933 साली गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली.

ही माणसे शिकूनच आत गेली होती. आज आत जाणाऱ्या कितीतरी पोरांची शाळा अर्ध्यावर सुटलेली असते. मुक्त विद्यापीठांमुळे तुरुंगातून पदवी घेता येते, हे खरे. पण महाराष्ट्रातल्या तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा कच्चे कैदी जास्त आहेत. सुटका उद्या की पाच वर्षांनी, हेच ठाऊक नसलेला माणूस परीक्षेचा अर्ज कसा भरणार?

आपल्या मोहल्ल्यातला मुलगा आत गेला की आपण वकिलासाठी वर्गणी काढतो, ते हवेच. पण त्याची सुटलेली इयत्ता कोणी विचारत नाही. बद्रचा प्रसंग आपण मिलादच्या जलशात अभिमानाने सांगतो. तो आपल्यालाही लागू आहे, हे आम्ही मास्तरांनी तरी विसरू नये.