सुभाषित आणि त्याचा वक्ता

नाटकांतील सुभाषिते वेचून ती विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्याची प्रथा आपल्या शाळांत जुनी आहे. वचनाखाली शेक्सपिअरचे नाव घातले की ते प्रमाण ठरते. परंतु नाटककार स्वमुखाने बोलत नाही. बोलतात ती त्याची पात्रे. हा भेद विसरल्याने काय अनर्थ होतो, त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

इंग्रजी रंगभूमीच्या आरंभकाळी हा प्रश्न नव्हता. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या ‘एव्हरीमॅन’ ह्या नीतिनाट्यात सत्कृत्य, ज्ञान, सौंदर्य हीच पात्रे आहेत. तेथे वक्ता आणि वचन एकरूपच असतात. पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात नाटकांतील वचने टिपणवहीत उतरून घेण्याचा छंद सुशिक्षितांस जडला. १६०० साली ‘इंग्लंड्स पार्नासस’ व ‘बेल्वेडेर’ हे दोन वचनसंग्रह निघाले. मुद्रकही नाटकांतील बोधपर ओळींच्या आरंभी अवतरणचिन्हे घालून वाचकाची सोय करू लागले. १६०३ सालच्या ‘हॅम्लेट’च्या पहिल्या आवृत्तीत वृद्ध मंत्र्याने पुत्रास केलेला उपदेश अशाच चिन्हांनी अंकित आहे.

तो मंत्री म्हणजे आपल्या परिचयाचा पोलोनियस. मितभाषण, मैत्री, ऋण, सचोटी ह्यांविषयीचा त्याचा उपदेश सुंदर आहे, ह्यात संशय नाही. परंतु लगेच पुढच्या अंकात हाच पिता परदेशी गेलेल्या पुत्रावर हेर नेमतो, आणि शेवटी पडद्याआड चोरून ऐकताना प्राणास मुकतो! ‘ऑथेल्लो’तील इयागोचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सत्कीर्ती हे धनाहून मोठे धन होय, असे तो ऑथेल्लोस सांगतो. तत्पूर्वी कॅसिओपाशी मात्र त्याने कीर्ती ही पोकळ भ्रांती असल्याचे म्हटलेले असते. दोन्ही वेळी त्याला सत्याशी कर्तव्य नाही. समोरचा माणूस फसावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

मराठीत ही नाटके लवकर आली. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ साली, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ साली व देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० साली झाले. देवलांनी हे मर्म पुरते ओळखले होते, असे आम्हांस वाटते. १८९९ सालच्या त्यांच्या ‘शारदा’ नाटकात धर्माची भाषा भद्रेश्वर दीक्षितासारख्या लग्न जुळविणाऱ्याच्या तोंडी येते, ती एका बालिकेस वृद्धाच्या गळ्यात बांधण्यासाठी! उलट, किर्लोस्करांनी १८८० साली रंगभूमीवर आणलेल्या ‘शाकुंतला’त कण्वाचा कन्येस उपदेश आहे. तेथे बोलणाऱ्याचे अंतःकरण शब्दाशी एकजीव आहे, म्हणूनच ते वचन आपल्यास हलविते.

आम्हां हैदराबादकरांस ह्या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात १९४८ पर्यंत उच्च शिक्षण उर्दूतून चाले आणि इंग्रजी हा आवश्यक विषय असे. तेथे शिकलेल्या मराठी माणसाच्या ओठांवर शेर आणि शेक्सपिअर शेजारी नांदले. पण दोहोंची जात निराळी. शेराचा अर्थ दोन मिसऱ्यांत पूर्ण होतो. गझलेपासून तो अलग केला तरी सहसा निर्जीव होत नाही. नाटकातील वाक्य मात्र प्रसंगापासून तोडले की त्याचा अर्धा अर्थ मागे राहतो, आणि क्वचित् उलटाही होतो.

म्हणून सुभाषिते पाठ करवूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी वाणी समृद्ध होते, आणि दुर्जनाच्या मुखातील सत्य हेही सत्यच असते. मात्र प्रत्येक वचनापाशी विद्यार्थ्यास तीन प्रश्न विचारावयास शिकवावे: हे कोण म्हणतो, कोणास म्हणतो, आणि कशासाठी म्हणतो? उद्या व्यासपीठावरून, बाजारात किंवा देवळाच्या ओट्यावर त्याला गोड नीतिवचने ऐकू येतील. त्या वेळी नुसते पाठांतर त्याच्या कामी येणार नाही. हे तीन प्रश्नच येतील.