एका परिचारिकेमागे किती रुग्ण?

आरोग्याचे धोरण मंत्री, सचिव आणि डॉक्टरांनी ठरवायचे आणि परिचारिकांनी ते राबवायचे, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिला सहसा कोणी हरकत घेत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परिचारिकांनी ती घेतली. रुग्णालयाच्या प्रत्येक विभागात एका परिचारिकेकडे एका वेळी जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत, हे कायद्याने बांधून देणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. १९९९च्या या कायद्यामागे परिचारिकांची दीर्घ चळवळ होती. सेवाभावाचे कौतुक त्यांच्या वाट्याला पुरेसे येत होते. त्यांनी सरकारकडे आकडा मागितला, कोणालाही मोजता येईल आणि मोडला तर लगेच ध्यानात येईल असा. त्यांच्या यशाचे मर्म या निवडीत आहे, असे मला वाटते.

अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक परिचारिका हा नियम कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकापासूनच होता. सर्वसाधारण वॉर्डांना मात्र असे संरक्षण नव्हते. १९९०च्या दशकात विमा कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली, तेव्हा रुग्णालयांनी सर्वांत आधी परिचारिकांची संख्या कमी केली आणि त्यांची काही कामे जेमतेम प्रशिक्षण घेतलेल्या मदतनिसांकडे सोपवली. कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशन ही संघटना १९९५मध्ये राष्ट्रीय परिचारिका संघटनेतून बाहेर पडली, ती या प्रश्नावर अधिक आक्रमक होण्यासाठी. पुढच्याच वर्षी तिने पाठिंबा दिलेला प्रस्ताव राज्यव्यापी मतदानात पडला. १९९८मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक गव्हर्नर पीट विल्सन यांनी नकाराधिकार वापरून अडवले. सत्तापालट झाल्यावर विधिमंडळ सदस्य शीला क्यूल यांनी मांडलेल्या विधेयकावर गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी ऑक्टोबर १९९९मध्ये सही केली.

खरी ओढाताण त्यानंतर सुरू झाली, कारण प्रत्यक्ष प्रमाण ठरवण्याचे काम कायद्याने आरोग्य खात्यावर सोपवले होते. सर्वसाधारण वॉर्डासाठी रुग्णालयांच्या संघटनेने परिचारिकेमागे दहा रुग्ण सुचवले, परिचारिकांनी तीन. खात्याने जानेवारी २००४पासून सहा आणि वर्षभराने पाच असा निर्णय दिला. त्यात ‘सर्व वेळी’ हे शब्द होते आणि रुग्णालये त्याविरुद्ध न्यायालयात गेली. मुद्दा साधा होता. पाच रुग्ण सांभाळणारी परिचारिका अर्धा तास जेवायला गेली, तर तिचे पाच रुग्ण शेजारणीकडे जातात आणि शेजारणीकडे दहा होतात. शस्त्रक्रियेहून नुकत्याच आणलेल्या रुग्णाचा रक्तदाब त्याच अर्ध्या तासात घसरू शकतो, ड्रेसिंग रक्ताने भिजू शकते. रुग्णालयांच्या मते जेवणाची सुट्टी या हिशेबात धरायला नको होती. २००४मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला. त्याच वर्षाच्या अखेरीस नवे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पाचाचा टप्पा पुढे ढकलला. परिचारिकांनी त्यांच्या सभा-समारंभांबाहेर निदर्शने केली, कोर्टात दाद मागितली आणि मार्च २००५मध्ये तो आदेश रद्द करून घेतला.

या चळवळीवरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की परिचारिका स्वतःचेच हित पाहत होत्या, रुग्णाचे नाव फक्त पुढे करत होत्या. त्यांचे हित त्यात होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण परिचारिकेवरचा भार आणि रुग्णाची सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, हा खरा प्रश्न आहे. संशोधक लिंडा एकन यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. कॅलिफोर्नियाचे प्रमाण पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत असते, तर तिथले शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू अनुक्रमे १०.६ आणि १३.९ टक्क्यांनी कमी झाले असते, असा अंदाज याच गटाने २०१०मध्ये मांडला. हेही सांगायला हवे, की कॅलिफोर्नियातीलच काही अभ्यासांत रुग्ण पडणे किंवा अंथरुणाला खिळून जखमा होणे यांत कायद्यानंतर ठळक घट दिसली नाही. म्हणजे कायद्याने सगळेच सुधारले असा दावा करता येणार नाही. तरीही रुग्णाच्या जिवाशी परिचारिकेवरच्या भाराचा संबंध आहे, एवढे या पुराव्यातून नक्की निघते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो याच व्यवसायातून आला. सगळे वॉर्ड सारखे नसतात. मग एकच आकडा कशाला, प्रत्येक रुग्णालयाच्या समितीने आपापली गरज ठरवावी, असे अनेक परिचारिकांचेही म्हणणे होते. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ साली अशा कायद्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा परिचारिकांमध्येच दोन तट पडले आणि सुमारे ७० टक्के मतदारांनी तो नाकारला. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आकडा ही किमान पातळी आहे. रुग्ण अधिक गंभीर असतील तर परिचारिका वाढवणे त्यात बंधनकारक आहे. उलट समितीला हरकत घेण्याचा हक्क असला, तरी पैशाची चणचण आली की तिचा शब्द टिकेलच याची हमी नसते. १९९०च्या दशकात खर्चाला कात्री लागताच काय झाले, हे कॅलिफोर्नियाने पाहिले होते.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असे निकष सुचवलेले आहेत. कागदावर ते कॅलिफोर्नियाच्या तोडीस तोड आहेत. सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला ते किती पाळले जातात, हे रुग्णासोबत तिथे राहिलेल्या नातेवाइकाला सांगावे लागत नाही. कॅलिफोर्नियातही हा आकडा तज्ज्ञांच्या शिफारशीत पडून राहू शकला असता. परिचारिकांनी तो विधिमंडळात नेला, मतदानात हरल्यावर पुन्हा मांडला, न्यायालयात राखला. आरोग्यधोरण ठरवणाऱ्या समित्यांवर परिचारिकांना जागा द्यायची ती म्हणूनच मानाची खुर्ची म्हणून नको. खर्चातली बचत वॉर्डात नेमकी कोणाच्या जिवावर होते, हे त्यांना आधी कळते. त्यामुळे निर्णयाच्या वेळी त्यांचे मत नोंदले जावे आणि ते डावलणाऱ्याला कारण द्यावे लागावे.