आखीव पत्रिकेत नसलेली झाडं

वर्ध्यात जुन्या वस्तीतलं घर विकायला निघालं की दलाल आधी रस्त्याची रुंदी सांगतो, मग प्लॉटची मापं, मग बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते. अंगणातल्या कडुनिंबाचा विषय शेवटी निघतो, आणि तोही बहुतेकदा ‘बांधकामाला अडलं तर काढता येईल’ अशा दिलाशाच्या सुरात. घेणारं कुटुंब मात्र त्या गल्लीत आलेलं असतं ते त्या कडुनिंबामुळेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो अशा गावात भर दुपारी पायी चालता येईल असा रस्ता मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. ही सावली वर्ध्यात आली कशी आणि इतकी वर्षं टिकली कशी, याची गोष्ट जमिनीच्या कागदांत दडलेली आहे.

वर्धा हे मुळातच आखून वसवलेलं गाव. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याचं मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. मुंबईहून नागपूरकडे निघालेली लोहमार्गाची रेघ ठरत गेली तसं मुख्यालयही हललं आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नवं शहर उभं राहिलं. त्यासाठी तिथली जुनी घरं पाडून जमीन सपाट करण्यात आली. आजच्या रुंद, सरळ रस्त्यांचं कौतुक करताना पालकवाडीची ही घरं विसरू नयेत. दुसऱ्याच वर्षी आगगाडी नागपूरला पोचली, वर्ध्याच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली आणि गाव वाढू लागलं. १८७४ मध्ये नगरपालिका आली. तरीही १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती दहा हजारांच्या आतच होती. माणसं थोडी आणि जागा मुबलक, त्यामुळे घरांभोवती मोकळी आवारं राहिली.

शहराची आखणी बॅचलर आणि क्रॅडॉक या दोन इंग्रज साहेबांनी केली, असं गावात सांगितलं जातं आणि छापलंही जातं. बॅचलरचं नाव बॅचलर रोडने जपलं आहे. क्रॅडॉकचं मात्र गणित जमत नाही. सर रेजिनाल्ड क्रॅडॉकचा जन्म १८६४ चा, म्हणजे वर्धा वसलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता. तो १९०७ ते १९१२ या काळात मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता, आणि नागपुरातल्या एका वसाहतीला ‘क्रॅडॉक टाउन’ असं नावही मिळालं होतं. पुढच्या काळातल्या एखाद्या सुधारणेशी त्याचा संबंध आला असेल, पण १८६६ च्या नकाशाशी तो जोडता येणार नाही. गावाचा पहिला आराखडा एका साहेबाच्या एका दिवसाच्या प्रतिभेतून निघाला, ही समजूत सोडलेली बरी. रस्ते एका पिढीने आखले, झाडं पुढच्या पिढ्यांनी लावली.

सगळ्यात टिकाऊ ठरली ती जमिनीची व्यवस्था. भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर शहरांमधली जी बिनशेती जमीन सरकारकडे आली, ती नझूल. घर बांधू पाहणाऱ्याला ती विकत मिळत नसे, भाडेपट्ट्याने मिळे. साधारणपणे तीस वर्षांचा पट्टा, ठरावीक भुईभाडं आणि मुदत संपली की नूतनीकरण. प्लॉट ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरायचा, विकायचा झाला तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. विदर्भात अशा मिळकतीचा उतारा म्हणजे आखीव पत्रिका. वर्ध्यातल्या जुन्या घराचा सौदा आजही याच कागदापासून सुरू होतो, आणि अनेकदा याच कागदावर अडतो. पट्ट्याची मुदत संपलेली, नूतनीकरण रखडलेलं, चार भावांपैकी दोघांचीच नावं चढलेली. बँक कर्ज देत नाही, घेणारा इसार द्यायला कचरतो. रामनगरच्या भाडेपट्ट्यांचा प्रश्न तर शहरात वर्षानुवर्षं चर्चेत राहिला.

पट्टेदारांचा जाच खरा होता. पण त्या जाचाचा एक परिणाम कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. विकायला अवघड, तुकडे पाडायला अवघड, दुकान काढायला अवघड अशी जमीन जशीच्या तशी राहिली. आजोबांनी कुंपणालगत लावलेली चिंच नातवाच्या काळातही उभी राहिली, कारण तिच्या जागी चार मजले चढवावेत असा हिशेबच कुणाला करता येत नव्हता. हा काही सरकारचा वृक्षप्रेमाचा हेतू नव्हता. इंग्लंडमध्ये १९०३ मध्ये लेचवर्थ हे पहिलं उद्याननगर वसलं, तेव्हा तिथे जमिनीची मालकी वसवणाऱ्या कंपनीकडे ठेवून घरं पट्ट्याने देण्यामागे मोकळी जागा राखायचा स्पष्ट विचार होता. वर्ध्यात महसुलाच्या सोयीसाठी केलेल्या व्यवस्थेने तेच काम नकळत केलं.

या सावलीतला दुसरा वाटा बजाजांचा. सीकरजवळच्या खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेले जमनालाल लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराज बजाजांच्या घराण्यात दत्तक आले. कापसाच्या व्यापारातून आलेल्या पैशाने त्यांनी जमिनी घेतल्या आणि आश्चर्य वाटावं इतक्या सहजपणे देऊनही टाकल्या. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याला त्यांनी आपली बाग आणि तिथलं घर दिलं. मगनलाल गांधींच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली आणि १९३८ च्या डिसेंबरात तिथे मगन संग्रहालय सुरू झालं. बजाजवाडीचं अतिथिगृह देशभरच्या कार्यकर्त्यांचं मुक्कामाचं ठिकाण बनलं. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला तो वर्ध्यातच. महिलाश्रम, नालवाडी, गोपुरी, राष्ट्रभाषा प्रचार समिती अशा संस्थांच्या आवारांनी गावाच्या कडेने मोकळ्या, झाडांच्या जागांची एक माळच तयार झाली. संस्थेची जमीन सहसा विकली जात नाही, म्हणून ती झाडंही राहिली. इतरांना बंगले आणि बागा देणारे जमनालाल स्वतः अखेरच्या महिन्यांत गोसेवेच्या कामासाठी गोपुरीला कुटीत राहत होते. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले.

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या शेगावची मालगुजारी, म्हणजे गावाच्या जमिनीची जमीनदारी, मुख्यतः जमनालालांकडेच होती. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथे राहायला गेले. पुढे गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथली घरं जवळपास मिळणाऱ्या मातीची, बांबूची आणि कवेलूंची. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबेनसाठी बांधलेली होती. आश्रमात गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ आजही दाखवतात. उंबरठा ओलांडण्याआधी अंगण, आणि अंगणात एक मोठं झाड, हा घराचा नमुना या परिसरात केवळ पाटी लावून जपलेला नाही. कितीतरी कुटुंबांनी तो आपल्या घरात उतरवला.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि पुढच्या काळात शहर बाहेर पसरलं. शिक्षक, वीज मंडळाचे आणि रेल्वेचे कर्मचारी, कापसाचे दोन चांगले हंगाम पाहिलेले शेतकरी यांनी शेतजमिनीवर पाडलेले प्लॉट घेतले. विदर्भात त्याला सरळ ‘लेआउट’ म्हणतात. सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे ही गावं शहराला कधी चिकटली ते कळलंही नाही, आणि आज बाहेरून येणाऱ्याला शहर कुठे संपतं ते सांगता येत नाही. लेआउट मंजूर होताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. जिथे ती राखली गेली तिथे चाळीस वर्षांनी दाट सावली आहे. जिथे ती कागदावरच राहिली तिथे सिमेंटचे रस्ते दुपारी भट्टीसारखे तापतात.

झाडं कुणाची, हा प्रश्न २०२० मध्ये रस्त्यावर आला. वर्धा-सेवाग्राम मार्गाच्या रुंदीकरणासाठी दोन्ही बाजूंची जुनी झाडं पडू लागली आणि वर्धेकर घराबाहेर पडले. अनेक झाडं तोवर गेली होती, पण तोड थांबली. ज्यांची घरं त्या रस्त्यावर नव्हती तेही आंदोलनात उतरले, ही त्यातली मोलाची गोष्ट. हनुमान टेकडीवर वैद्यकीय जनजागृती मंचाने वाढवलेली झाडी हे त्याच आस्थेचं दुसरं रूप. तिथे पाणी घालायला जाणाऱ्यांना त्या जमिनीचा एक चौरस फूटही मिळणार नसतो.

मराठी खरेदीखतांत एक जुना शब्दसमूह येतो: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत दिली. मराठेशाहीच्या इनामपत्रांतली ही भाषा इंग्रजी अंमल ओलांडून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापर्यंत आली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही तेच सांगतो, जमिनीबरोबर तिला जडलेल्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. म्हणजे झाड रजिस्ट्रीत येतं, पण मोलात येत नाही. मुद्रांक शुल्क ज्या रेडी रेकनरवर ठरतं त्यात शहरी प्लॉटचा भाव विभागानुसार आणि बांधकामाचा भाव प्रकारानुसार असतो. साठ वर्षांच्या कडुनिंबासाठी त्यात रकाना नाही. त्यामुळे जे कुटुंब सावलीसाठी जास्त पैसे मोजतं त्याच्या व्यवहारातही ती सावली ‘लोकेशन’ या एका शब्दात गडप होते.

आता नझूलचे जुने बंध सैल होत आहेत. भाडेपट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग एकमध्ये, म्हणजे पूर्ण मालकीत, नेण्याचे नियम २०१९ मध्ये आले. २०२४ मध्ये नागपूर आणि अमरावती विभागांसाठी अभय योजना जाहीर झाली आणि निवासी नझूल जमीन बाजारमूल्याच्या दोन टक्के रक्कम भरून मालकी हक्काची करता येऊ लागली. पिढ्यान् पिढ्या हेलपाटे घातलेल्या कुटुंबांना हा न्यायच मिळाला. म्हातारपणी घर विकून मुलांच्या वाटण्या करायच्या असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहायची शिक्षा कुणाला का असावी? मात्र पट्टा गेला की त्याच्या अटीही जातात, आणि त्या अटींच्या आडोशाने वाचलेल्या झाडांना आता दुसरा आधार हवा.

तो आधार कायद्यात आहे, पण अर्धाच. १९७५ चा नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा नगरपालिकेच्या हद्दीत लागू होतो. त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगितलं आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं. पण वर्ध्याभोवतीचे लेआउट पसरले ते ग्रामपंचायतींच्या जमिनीवर. तिथे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा चालतो आणि त्याच्या अनुसूचीत सोळाच प्रकारची झाडं आहेत. आंबा, चिंच, मोह, जांभूळ त्यात आहेत. कडुनिंब नाही, वड नाही, पिंपळही नाही. रस्त्याच्या अलीकडे शहर आणि पलीकडे मेघे गाव असेल तिथे दोन समोरासमोरच्या कडुनिंबांपैकी एकाला कायद्याचं छत्र आहे, दुसऱ्याला नाही. वर्ध्यात घर घेणाऱ्याने आखीव पत्रिका किंवा गाव नमुना आठ-अ तपासताना आपला प्लॉट यातल्या कोणत्या बाजूला पडतो तेही पाहावं. नगरपालिकेने आणि शेजारच्या ग्रामपंचायतींनी तर मालकी हक्काचे अर्ज निकाली निघण्याआधीच प्रत्येक जुन्या आवारातलं झाड जात आणि अंदाजे वयासह नोंदवून घ्यावं. घर नव्या मालकाच्या नावावर चढेल त्या दिवशी ती नोंद त्याच्या हातात पडली पाहिजे.