आकाशांतील नेम

मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर हे पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश वायुदलांतून लढलेल्या मोजक्या हिंदी वैमानिकांपैकीं एक. सन १९१८ च्या उन्हाळ्यांत ते फ्रान्समध्यें २३ व्या स्क्वाड्रनांत होते. त्यांचें विमान ‘सॉपविथ डॉल्फिन’ जातीचें. त्या विमानाची घडण समजावयाची तर हवाई युद्धाची मुख्य अडचण आधीं पाहिली पाहिजे.

ती अडचण बीडकडील शेतकऱ्यास नवी नाहीं. ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभा असलेला राखणदार उडत्या पांखरावर गोफणगुंडा फेकीत नाहीं. पांखरूं जेथें पोंचणार तेथें फेकतो. ताशीं १६० किलोमीटर वेगानें आडवें जाणारें विमान सेकंदाला सुमारें ४४ मीटर सरकतें. दोनशें मीटरांवरून सुटलेल्या गोळीस तेथवर जावयास पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत विमान सुमारें बारा मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दीडपटीहून अधिक, पुढें गेलेलें असतें. शिवाय नेम धरणाराहि स्थिर नसतो.

म्हणून जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के यानें १९१६ सालीं घालून दिलेल्या नियमांत सूर्य पाठीशीं घेणें, मागून चाल करणें व अगदीं जवळ गेल्यावरच गोळी झाडणें यांवर भर होता. मागून गेल्यास दोघांची दिशा एकच होते व पुढचा अंदाज बांधण्याचें कारण फारसें उरत नाहीं. परंतु दोन आसनी विमानांत मागें तोंड करून बंदूकवाला बसे. त्याच्या दृष्टीआड राहावयाचें तर पोटाखालून जाणें भाग होतें.

डॉल्फिनमध्यें वैमानिकाचें डोकें वरच्या पंखांमधील चौकटींतून बाहेर येई. त्यामुळें वरचें आकाश मोकळें दिसे. समोर दोन व्हिकर्स मशीनगन असत आणि वर तिरप्या रोखलेल्या लुईस मशीनगनचीहि सोय असे. पण या लुईस गन हलून तोंडावर आपटत, म्हणून पुष्कळांनीं त्या काढून टाकल्या. विमान जमिनीवर उलटलें तर प्रथम धोका वैमानिकाच्या मानेलाच असे.

२७ जून १९१८ रोजीं गस्तीवर गेलेले वेलिंकर परतले नाहींत. ३० जूनला त्यांचा अंत झाला; फ्रान्समधील हँगार्ड येथें त्यांचें थडगें आहे. जुलैमध्यें दोन आठवड्यांत दहा विजय मिळविणारे इंद्रलाल रॉय हेहि २२ तारखेस पडले. तेव्हां ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

कोन साधला तर नेम सोपा होतो, हें खरें. पण नेम धरून कांहीं क्षण सरळ जाणारा वैमानिक त्याच क्षणीं दुसऱ्या कोणासाठीं सर्वांत सोपें लक्ष्य झालेला असतो. आकाशांतील युद्धानें ही किंमत कुशलांकडूनहि घेतली.