उपकेंद्रातल्या सीएचओ म्हणजे कोण? ऊसतोड महिलांनी जरूर वाचा

उपकेंद्रात 'सीएचओ मॅडम' असतात. पण त्या सिस्टर का डॉक्टर, हे अजून बऱ्याच जणांना कळलेलं नाही. सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आयुष्मान भारत योजनेत 2018 पासून उपकेंद्रांवर हे पद आलं. नर्सिंग झालेल्या परिचारिका सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा जादा कोर्स करून इथं येतात, काही ठिकाणी बीएएमएस डॉक्टरही असतात. लसीकरण एएनएम सिस्टरांकडंच राहतं. सीएचओ तिशीपुढच्यांची बीपी, शुगर तपासतात, ठराविक औषधं देतात, गरज पडली तर मोबाईलवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात.

बीडमध्ये याला वेगळं महत्त्व आहे. गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेला आकडा होता 82,309 महिलांत 13,861. अंगावरून पांढरं जाणं बऱ्याचदा जंतुसंसर्गामुळं असतं, ते गोळ्यांनी बरं होतं. पण कॅन्सरची भीती घातली की बाई लगेच ऑपरेशनला तयार होते.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी सोपी आहे. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनीच बघतात, पांढरा डाग उठला तर पुढं पाठवतात. कापाकापी नाही. टोळी कारखान्याला निघायच्या आधी उपकेंद्रात याची चौकशी करावी.

त्या प्रकरणानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली.