कुंडल रोडच्या माळावरील माणसे

कारखान्याचा इतिहास सांगावयाचा म्हटले की कारखानदाराचे चरित्र सांगावयाचे, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. गड घेतल्याचा पोवाडा आपण ऐकतो, त्यात सरदाराचे नाव येते. दोराला लोंबकळलेल्या मावळ्यांची नावे येत नाहीत. किर्लोस्करवाडीच्या बाबतीत असेच झाले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पुष्कळांस तोंडपाठ आहे, आणि १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपालाचे तिकीटही काढले. ते सर्व योग्यच झाले. पण आपण आज त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसांकडे थोडे पाहू या. १९१० सालच्या मार्च महिन्यात, उन्हाळा तोंडावर आलेला असता, पंचवीस कामगार आपापली बायकामुले घेऊन कुंडल रोड नावाच्या एका आडस्टेशनाजवळच्या माळावर राहावयास गेले. माळावर निवडुंग होता आणि निवडुंगात नाग होते. सावकाराने किंवा सरकारने त्यांना तेथे हाकलून नेलेले नव्हते. मग ते गेले का?

ह्याचे उत्तर मिळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. (मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही ह्याच गावचे. एका लहानशा गावाने महाराष्ट्राला नाटकही द्यावे आणि नांगरही द्यावा, हा योग मोठा गमतीचा आहे.) चित्रकार व्हावे म्हणून लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे कळून चुकले की आपल्याला काही रंगांतला भेदच नीट ओळखता येत नाही. तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथे बढतीची जागा निघाली, ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. तेथे वडील बंधू रामुअण्णा ह्यांच्याबरोबर सायकलींचे दुकान चालू होतेच.

बढतीची ही हकीकत सामान्यतः स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. काम येत असूनही जन्म आडवा आला म्हणजे माणसाला काय वाटते, ह्याचा अनुभव घेऊन हा मनुष्य बाहेर पडला होता. पुढे त्याने माणसे निवडली ती कशी निवडली, ह्याची किल्ली येथे सापडते असे आमचे मत आहे.

सायकलींच्या पाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. नांगर झाला खरा, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला आपण आज हसतो. परंतु ज्याच्या घरात वर्षाचे पोट एकाच हंगामावर चालते, त्याने नव्या अवजाराला भ्यावे ह्यात हसण्यासारखे काय आहे? लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा फाळ गेला तर बेळगावास कोण जाणार? नांगर खपावयास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत भट्टीवर उभ्या असलेल्या कामगारांची मनःस्थिती काय असेल! आपण घडविलेली वस्तू दाराशी गंजत पडलेली रोज पाहावी लागते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी नवा साचा भरावयाचा. पंचवीस कुटुंबांची ही मंडळी पुढे माळावर गेली ती अशा पडत्या काळात एकत्र भाजून निघालेल्या कारखान्यातून. पुढच्या धाडसाची तयारी ह्या न खपणाऱ्या नांगरांनी केली, असे आम्ही म्हणू.

मग संकट आले. कारखान्याची जागा बेळगावच्या नगरपालिकेला वस्तीच्या वाढीसाठी हवी झाली आणि उठून जाण्याची पाळी आली. सुदैवाने औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचा लक्ष्मणरावांशी परिचय होता. ते स्वतः चित्रकार, कलेचे भोक्ते आणि १९०९ मध्येच गादीवर आलेले. आपल्या संस्थानात या, म्हणून त्यांनी बोलावले. कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा जन्मदिवस मानतात.

राजाने जमीन दिली, पैसा दिला. माणसे मात्र राजाला देता येत नव्हती. ह्या कामगारांना दुसरीकडे काम मिळाले नसते, असेही नव्हते. हुबळीस रेल्वेचा मोठा कारखाना होता, गोकाकला सूतगिरणी होती, मुंबईच्या गिरण्या तर हात पसरून बसल्या होत्या. ओतकाम, फिटरकाम, सुतारकाम जाणणाऱ्या माणसाला तेथे महिन्याच्या महिन्याला पगार होता आणि पगाराबरोबर बाजार, दवाखाना, मुलांना शाळा होती. माळावर ह्यांतले काहीच नव्हते. माळावर जाण्याचा खरा भार घरच्या बायकांवर पडला असणार, हे कोणी चरित्रकार फारसे सांगत नाही. पाणी कोठून आणावयाचे, चुलीला काय घालावयाचे, पोर झोपले असता कोपऱ्यात सळसळले ते काय, हे प्रश्न कारखानदाराच्या योजनेत नसतात. ते बाईला रोज पडतात.

लक्ष्मणरावांनी ह्या माणसांपुढे मोठमोठी भाषणे केली म्हणून ती आली, असे मानण्याचे कारण नाही. आमच्या समजुतीने त्यांनी दुसरेच काही केले, आणि ते कामाच्या वाटणीत दिसते. रामुअण्णांकडे त्यांनी वसाहतीची आखणी आणि सारा कारभार सोपविला. सायकलींच्या दुकानदाराने नगररचना कोठे शिकली होती? शंभुराव जांभेकर यंत्रांचे सर्व पाहू लागले. मंगेशराव रेगे कारकून. तेच जमाखर्चाचे मुख्य झाले. के. के. कुलकर्णी ह्यांची कामगिरी तर ऐकण्यासारखी आहे. ते व्यवस्थापक होते, आजाऱ्याला औषधपाणी देणारे वैद्य होते आणि बाहेरच्या जगाशी बोलणी करावयाची म्हणजे कारखान्याचे 'परराष्ट्रमंत्री'ही तेच. आणि अनंतराव फळणीकर! शाळेत बेशिस्त ठरलेला आणि इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेला हा तरुण. त्याची प्रगतिपुस्तके पाहून कोणत्याही साहेबाने त्याला दारातूनच परत पाठविले असते. वाडीत तो कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजला.

ह्या सर्वांत एक धागा आहे. प्रत्येकाला त्याच्या आजच्या लायकीपेक्षा एक माप मोठे काम दिलेले आहे, आणि ते पुरते दिलेले आहे. मालकाला विचारून खिळा ठोकावा अशी सोय माळावर नव्हतीच. निवडुंग तोडावयाचा, पाणी आणावयाचे, भट्टी पेटवावयाची, शेतकऱ्याची तक्रार ऐकावयाची, ह्या सगळ्यांना एकटे लक्ष्मणराव पुरे पडणे शक्य नव्हते. मालकाचे स्वप्न नोकराने आपले मानावे, असा उपदेश अलीकडे फार ऐकू येतो. स्वप्न कोणी कोणाचे मानीत नसतो. त्या स्वप्नातली एखादी खोली आपल्या हाताने बांधावयास मिळाली म्हणजे माणूस तिच्यात राहू लागतो. रेग्यांचा जमाखर्च ही रेग्यांची खोली होती, आणि जुळवून दाखविलेले नवे यंत्र ही फळणीकरांची.

आता वाडीच्या दोन रात्रपहारेकऱ्यांकडे वळू. एकाचे नाव तुकाराम रामोशी, दुसऱ्याचे पिऱ्या मांग. दोघेही शिक्षा भोगून आलेले. (पिऱ्या हे नाव कोणी आदराने ठेवीत नाही, त्या नावातही आमच्या समाजाची रीत उमटलेली आहे.) रामोशी म्हणजे मूळचे गडकोटांचे आणि गावांचे राखणदार. इंग्रजी अमलात त्यांची वतने गेली, उमाजी नाइकांना १८३२ मध्ये फाशी झाली आणि पुढे एकेका जमातीवरच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचे धोरण आले. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची व्याप्ती १९११ मध्ये साऱ्या देशभर वाढली, म्हणजे वाडी वसली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. सरकार जेव्हा अशा माणसांची हजेरी घेण्याचा कायदा वाढवीत होते, तेव्हा लक्ष्मणरावांनी रात्रीची वसाहत त्यांच्या हवाली केली. ह्यात दया होती असे आम्ही म्हणणार नाही. चोऱ्या कोठून होतात हे ज्याला ठाऊक, तोच राखण चांगली करील, हा व्यवहारही त्यात असेल. पण बायकामुलांनी भरलेल्या वस्तीत तो निर्णय घेण्याला छाती लागते. आणि ती वस्तीने मानली, ह्याचे मोल आम्हांला अधिक वाटते. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही दंडक लक्ष्मणरावांनी घातला होता.

त्या संस्थानाच्या हवेतच काही होते की काय, न कळे. त्याच औंधात १९३९ साली शिक्षा झालेल्या कैद्यांची उघडी वसाहत स्वतंत्रपूर येथे निघाली, आणि तिच्या कथेवरून शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट केला. तो पाहताना तुकाराम आणि पिऱ्या ह्यांची आठवण किती प्रेक्षकांना झाली असेल?

ह्या चित्राची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. ज्याने काम दिले त्यानेच घर दिले, दुकान आणि शाळाही त्याच्याच छत्राखाली, म्हणजे कामगाराचे भांडण झाले तर त्याने जावे कोठे? हुबळीचा कामगार संध्याकाळी कारखान्याच्या दारातून बाहेर पडला की मोकळा होई. वाडीचा कामगार घरी गेला तरी वाडीतच असे. मालक भला आहे म्हणून ही व्यवस्था गोड वाटते. मालक कोण असावा हे मात्र कामगाराच्या हातात नसते. पहिल्या पंचवीसांना ही अडचण कमी भासली असेल, कारण निवडुंग तोडताना मालकही शेजारीच होता आणि नाग काही मालक-नोकर पाहून चावत नाही. मागून पगारासाठी आलेल्या शेकडो माणसांना मात्र ती पहिली वर्षे केवळ ऐकूनच ठाऊक. त्यांनी तीच निष्ठा का दाखवावी?

ह्या प्रश्नाशी वाडीलाही झुंजावे लागले. १९१४ च्या महायुद्धाने परदेशी मालाची आवक आटली, देशी मालाला मागणी आली, कच्चे लोखंड आणि कोळसा ह्यांची मात्र ओढाताण झाली. कारखाना वाढला. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि भागधारक नावाचा, माळ कधी न पाहिलेला, एक नवा घटक घरात आला. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. पुढे तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० मध्ये 'स्त्री' निघाले, ह्यामुळे मूळच्या 'खबरे'चा हेतू आपण विसरून गेलो. कारखान्यात काय चालले आहे हे गिऱ्हाइकाला आणि आपल्या माणसाला लेखी कळविण्याची गरज त्याच साली भासावी, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही. पंचवीस कुटुंबे असताना बातमी पाणवठ्यावरच कळत होती.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला शिकून १९२६ मध्ये परतले. पंप आणि यंत्रे होऊ लागली. हरिहर, बंगलोर, पुणे येथे नवे कारखाने उभे राहिले. लक्ष्मणराव १९५६ च्या सप्टेंबरात वारले. तोपर्यंत पुणे-मिरज मार्गावरच्या त्या आडस्टेशनाची 'कुंडल रोड' ही पाटी जाऊन 'किर्लोस्करवाडी' अशी पाटी आलेली होती. एका कुटुंबाचे नाव तिच्यावर आहे. बरोबर आलेल्या पंचवीसांपैकी नावे उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्यांत दोन पहारेकरी आहेत.